पदव्युत्तरातले ‘उत्तर’ : एम. ए., एम. एस्सी.ला प्रवेश घेण्याआधी कोकणातल्या पदवीधराने काय तपासावे

गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, आरत्या आटोपल्यावर पडवीत बैठक जमते आणि नुकत्याच बी. ए. झालेल्या मुलीकडे वळून कोणीतरी काका विचारतात, “मगे चेडवा, आता फुडे काय करतलंस?” ती म्हणते, “एम. ए. करतंय.” एवढ्यावर विषय संपतो, कारण या वाक्याने सगळ्यांचीच सोय होते. काकांना पुढचे काही विचारावे लागत नाही, आईवडिलांना स्थळे पाहायला सवड मिळते आणि मुलीला आणखी दोन वर्षे विद्यार्थिनी म्हणवून घेता येते. माझाही एम. ए.चा निर्णय असाच पडवीत झाला होता. ‘पदव्युत्तर’ या शब्दातला ‘उत्तर’ हा ‘नंतरचे’ या अर्थाचा आहे, प्रश्नाचे उत्तर या अर्थाचा नाही, हे माझ्या ध्यानात यायला पहिले वर्ष संपावे लागले. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी हा अर्थ लावून घेता यावा, यासाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवावा

आपल्याकडे बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. झालेल्या व्यक्तीला पदवीधर किंवा ग्रॅज्युएट म्हणतात. अमेरिकेतील विद्यापीठे मात्र ‘ग्रॅज्युएट डिग्री’ म्हणतात तेव्हा त्यांना बी. ए.नंतरची पदवी, म्हणजे आपली एम. ए., एम. एस्सी. किंवा पीएच. डी. अभिप्रेत असते. परदेशी अर्ज भरताना या एका शब्दाने पुष्कळ विद्यार्थी फसतात आणि चुकीच्या पानावरची माहिती वाचत बसतात. तिकडील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी चार वर्षांची पहिली पदवी मागतात, आपल्या जुन्या तीन वर्षांच्या पदवीला ती पुरेशी मानतीलच असे नाही. त्यामुळे परदेशी जाण्याचा विचार असेल तर ही अट प्रत्येक विद्यापीठागणिक स्वतंत्रपणे तपासावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्याकडचे गणितही बदलले आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, तर चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी तो एका वर्षाचा असू शकतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते. पदविका म्हणजे पदवी नव्हे, हे अर्जाच्या रकान्यात लिहिताना विसरू नये. एम. ए. आणि पीएच. डी. यांच्यामधली एम. फिल. ही पायरी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी बंद केली आहे, तेव्हा कोणी अजून एम. फिल.ला प्रवेश देऊ करत असेल तर तिथे थांबू नये.

जाहिरातीतली ‘अर्हता’ ओळीओळीने वाचावी

पदवीचा अर्थ ठरवणारे पहिले माणूस म्हणजे ती मागणारे माणूस. म्हणून ज्या नोकरीची मनात इच्छा आहे, तिच्या मागील दोन-तीन वर्षांतील जाहिराती मिळवाव्यात आणि ‘शैक्षणिक अर्हता’ या मथळ्याखालचा मजकूर पेन्सिल घेऊन वाचावा. त्यात ‘आवश्यक’ आणि ‘प्राधान्य’ असे दोन वेगळे शब्द असतात. पदव्युत्तर पदवी ‘आवश्यक’ या शब्दापुढे असेल तर तिच्यावाचून दार उघडत नाही. ती ‘प्राधान्य’ या शब्दापुढे असेल, किंवा तिचा उल्लेखच नसेल, तर दोन वर्षे कशासाठी द्यायची याचे कारण तुम्हाला दुसरीकडे शोधावे लागेल.

या वाचनातून जे हाती लागते ते अनेकांना अनपेक्षित असते. राज्यसेवा परीक्षेसाठी कोणत्याही शाखेची पदवी सर्वसाधारणपणे पुरते; एम. ए. झालेल्या उमेदवाराला तिथे जादा गुण मिळत नाहीत. विधान परिषदेच्या कोकण विभाग पदवीधर मतदारसंघातही साध्या पदवीवर नाव नोंदवता येते, आणि एम. ए. झाल्यामुळे कोणाला दोनदा मत देता येत नाही. याउलट कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवायचे असेल तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि जोडीला बी. एड. लागते, म्हणजे तिथे एम. ए. निम्मी वाट आहे. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल तर पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गांसाठी ५० टक्के गुण, आणि त्याखेरीज नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, असा उंबरठा आहे. नेट परीक्षा राष्ट्रीय परीक्षा यंत्रणा घेते, तर महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ५४ टक्क्यांची एम. ए. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला या दारात उभी करत नाही, म्हणून पहिल्या सत्रातले गुण ‘पुढे भरून काढू’ म्हणून सोडून देणे महागात पडते.

इथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. सेट-नेट झालेली कितीतरी माणसे आज महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवतात. घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते आणि सुट्टीच्या महिन्यांत ते थांबते. माझ्या वर्गातली एक मैत्रीण बरीच वर्षे दोन तालुक्यांतल्या दोन महाविद्यालयांत एसटीने ये-जा करत शिकवत होती, आणि तिच्याइतके मनापासून शिकवणारे मी थोडेच पाहिले आहेत. प्राध्यापकी करायचीच असेल तर हा टप्पा किती वर्षे सोसता येईल, याचा हिशेब घरात बसून आधी करावा. फक्त ‘एम. ए. झाल्यावर कॉलेजात लागेल’ या वाक्यावर विसंबून प्रवेश घेऊ नये, मग ते वाक्य मुंबईच्या काकांनी म्हटलेले असो वा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात छापलेले असो.

८८ श्रेयांकांतले १८

दुसरे वाचन गुणपत्रिकेचे. पदवी प्रमाणपत्रावर तुमचे नाव, विद्यापीठाचे नाव, पदवी आणि श्रेणी एवढेच असते. दोन वर्षांत नेमके काय केले ते गुणपत्रिकेवर दिसते. राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या आराखड्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी साधारणपणे ८८ श्रेयांकांची (क्रेडिटची), म्हणजे प्रत्येक सत्राला २२ श्रेयांकांची असते, आणि वर्गातल्या अध्यापनाच्या १५ तासांना एक श्रेयांक असा त्याचा हिशेब आहे. या ८८ मध्ये संशोधन पद्धतीचे ४, प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचे किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४ आणि तिसऱ्या व चौथ्या सत्रातील संशोधन प्रकल्पाचे अनुक्रमे ४ आणि ६ श्रेयांक धरले जातात. विद्यापीठागणिक यात थोडा फरक पडू शकतो, पण मोठा हिशेब तोच राहतो.

हे १८ श्रेयांक म्हणजे एकूण अभ्यासक्रमाचा पाचवा हिस्सा, आणि माझ्या मते पदव्युत्तर पदवीचा अर्थ याच पाचव्या हिश्शात आहे. उरलेले ७० श्रेयांक म्हणजे बी. ए.चाच अभ्यास अधिक खोल आणि अधिक जाड पुस्तकांतून. कोकणातल्या विद्यार्थ्यांना त्याची भीती वाटण्याचे कारण नाही. कोकण मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात अव्वल लागत आला आहे आणि विचारलेल्या प्रश्नाचे नेटके उत्तर लिहिण्याची सवय आपल्याला चांगलीच आहे. अडते ते पुढे. संशोधन प्रकल्पात प्रश्न कोणी विचारत नाही, तो स्वतःला घालावा लागतो, आणि तिथे पहिल्या वर्गात येणारी मुलेही गोंधळतात.

प्रवेशापूर्वी स्वतःची एक परीक्षा घ्यावी. ज्या विषयात एम. ए. किंवा एम. एस्सी. करायची आहे, त्या विषयातला असा एक प्रश्न कागदावर लिहून पाहावा, ज्याचे उत्तर तुम्हाला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही आणि जे जाणून घ्यावेसे मनापासून वाटते. प्रश्न बाळबोध असला तरी चालेल. एकही सुचला नाही तर एक वर्ष काम करावे, घरची बाग पाहावी किंवा एखाद्या कार्यालयात कारकुनी करावी, आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. पदव्युत्तर प्रवेशाला वय आडवे येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. त्यांनी १९१५मध्ये घेतली ती प्राचीन भारतातील व्यापारावरच्या प्रबंधाने, आणि लंडनची डी. एस्सी. १९२३मध्ये मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाने. त्यांच्या नावापुढच्या पदव्यांची रांग आपण पाठ म्हणतो. प्रत्येक पदवीमागे एक प्रश्न होता, तो मात्र क्वचितच सांगतो.

विषय लहान करण्याची रीत

प्रकल्पाचा विषय निवडताना माझी जी फजिती झाली ती सांगितली तर रीत लवकर समजेल. मी इतिहासात एम. ए. करत होते आणि पहिल्याच भेटीत मार्गदर्शक बाईंना ‘कोकणातील बंदरांचा इतिहास’ असा विषय सांगितला. बाईंनी वहीवरून नजर न उचलता विचारले, “कुठले बंदर? कुठल्या वर्षांतले? आणि कागद कुठे आहेत?” तिन्हींपैकी एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी नावे मी सांगू लागले तेव्हा बाई म्हणाल्या, “तुझ्या घरापासून जवळ कुठले?” जवळचे होते वेंगुर्ले.

मग पंधरा दिवस मी मुंबई इलाख्याचे १८८० सालचे रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर वाचले. घाटमाथ्यावरचा, विशेषतः बेळगावकडचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून ये-जा करत असे. त्याच दशकात गोव्यातले मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले. एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर प्रश्न आपोआप समोर आला: रेल्वे मुरगावला पोचल्यानंतर वेंगुर्ल्याच्या बंदरातली मालाची ये-जा कशी बदलली? यात बंदर एक होते, काळ ठरलेला होता, आणि कागद कुठे शोधायचे तेही ठरले, कारण मुंबईच्या राज्य अभिलेखागारात त्या काळचे सरकारी दप्तर जतन केलेले आहे. कोकणातील सगळ्या बंदरांच्या इतिहासापेक्षा हा विषय फारच छोटा होता, पण तो माझ्याने पुरा होण्यासारखा होता.

कृषी किंवा विज्ञान शाखेतही रीत हीच आहे. हापूसमधला साका घ्या. वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो आणि पेटीचा भाव पडतो, हे बागायतदाराच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असते. परंतु ‘हापूसमधील साका’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. अमुक एका बागेतील अमुक इतकी झाडे घेऊन, फळे पक्वतेच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर उतरवून, प्रत्येक टप्प्यावरची तितकीच फळे पिकल्यावर कापली तर साक्याचे प्रमाण किती निघते, असे लिहिले की प्रश्न झाला. त्यात काय मोजायचे आणि किती मोजायचे हे आलेच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आलेली ‘रत्ना’ ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झाली आणि पुढे ‘सिंधू’ ही जात रत्ना व हापूस यांच्या संकरातून. वर्षानुवर्षांच्या अशा कामाचा एक लहानसा तुकडा हाताळायला शिकणे, एवढीच एम. एस्सी.च्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा असते. हापूसचे सगळे प्रश्न त्याने दोन वर्षांत सोडवावेत असे कोणी म्हणत नाही.

विषय ठरवताना कोकणचे वेळापत्रक समोर ठेवावे, कारण विद्यापीठाचे वेळापत्रक ते पाहत नाही. आंब्याचा हंगाम साधारण मार्च ते मे असा असतो आणि चौथ्या सत्राचे प्रकल्प व परीक्षा त्याच दिवसांत येतात. फळांवर काम असेल तर नोंदी घेण्यासाठी संपूर्ण अभ्यासक्रमात फार तर दोन हंगाम मिळतात, त्यातला पहिला बहुधा विषय ठरवण्यातच जातो. शिवाय घरच्या बागेत माणसे कमी असली तर आंबे उतरवायलाही तुम्हीच लागता. मासळीवर काम करणाऱ्यांनी १ जून ते ३१ जुलै या पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारी बंदीचे ६१ दिवस आधीच वजा करावेत. बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी ‘पावसाळ्याच्या सुट्टीत घेईन’ असे ठरवलेला एक विद्यार्थी मला माहीत आहे. जून उजाडला तेव्हा होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होत्या.

कुठे शिकावे

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतील पारंपरिक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि विद्यापीठाचे उपपरिसर केंद्र रत्नागिरीत आहे. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि मत्स्यशास्त्रासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, जे १९७२मध्ये स्थापन झाले. त्याचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. अभियांत्रिकीसाठी लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ‘चांगले शिकायचे तर मुंबईलाच’ ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे, आणि काही विषयांत ती खरीही आहे; परंतु ज्याचा प्रश्न कोकणातलाच आहे त्याने किनारा सोडून, भाड्याची खोली घेऊन, लोकलमध्ये लोंबकळत दोन वर्षे काढावीत आणि नोंदी घ्यायला पुन्हा कोकणकन्येने खाली यावे, यात फारसा शहाणपणा नाही.

महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा मार्गदर्शकाचे नाव आधी विचारावे. त्या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयांवर प्रकल्प केले, ते प्रकल्प ग्रंथालयात पाहायला मिळतात का, हे प्रश्न प्रवेशाच्या दिवशी नव्हे तर त्याआधी महिनाभर जाऊन विचारावेत. ग्रंथपालांना विचारलेले अधिक बरे. मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रकल्प चाळले की विभागाचा कस कळतो. एकसारखी प्रस्तावना आणि एकसारखी प्रश्नावली सगळ्यांत दिसली तर काय समजायचे ते तुम्ही समजालच.

नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाचा मार्ग आहे. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांच्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता असलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरली जाते. मान्यता संस्थेला आहे एवढे पाहून थांबू नये, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी ती आहे का ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे. बनावट विद्यापीठांची यादीही तिथेच प्रसिद्ध होते. ‘सहा महिन्यांत एम. ए.’ असा फलक कुठे दिसला तर तो वाचून पुढे चालू लागावे.

खर्चाचा हिशेब करताना शुल्क हा त्यातला लहान भाग असतो. खोली, खानावळ, प्रवास आणि मुख्य म्हणजे त्या दोन वर्षांत न मिळवलेला पगार हे मोठे रकाने आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरावेत आणि जात पडताळणी व उत्पन्नाचे दाखले प्रवेशाच्या गर्दीआधी काढून ठेवावेत. तहसील कार्यालयातली रांग जुलैमध्ये किती वाढते हे ज्याने पाहिले आहे त्याला कारण सांगायला नको.

पदवी हाती आल्यावर

नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर ‘मी एम. ए. आहे’ एवढे सांगून थांबू नये. प्रकल्पात कोणता प्रश्न घेतला, माहिती कुठून मिळवली, काय चुकले आणि काय निघाले, हे पाच मिनिटांत, विषय न जाणणाऱ्या माणसाला कळेल असे सांगण्याचा सराव घरी करावा. मी तो आजीसमोर केला. मुरगावच्या रेल्वेपर्यंत पोचले तेव्हा ती म्हणाली, “म्हणान आमचो बंदर ओसाड पडलो तर!” माझ्या ऐंशी पानांचे सार तिने एका वाक्यात काढले होते. मुलाखतीत मी तेच वाक्य प्रमाण मराठीत सांगितले.

आता कागदांविषयी. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र डिजिलॉकरवर उपलब्ध असेल तर तिथून उतरवून घ्यावेच, पण मूळ प्रतींची काळजी वेगळी घ्यावी, कारण आपल्या हवेत आषाढात कागदाला बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ लोक प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणतात. तसे करू नये. परदेशासाठी साक्षांकन करायची वेळ आली की लॅमिनेट केलेली मूळ प्रत अडचणीची ठरते. बिनआम्लाचा कागद मध्ये घालून, प्लॅस्टिकच्या सुट्या पाकिटात, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ती ठेवावी आणि पावसाळा सरल्यावर एकदा सावलीत वारा लावावा.

प्रकल्पाच्या मात्र दोन प्रती जास्त काढाव्यात. एक स्वतःकडे राहू द्यावी आणि दुसरी ज्या गावाविषयी किंवा पिकाविषयी काम केले तिथल्या सार्वजनिक वाचनालयाला नेऊन द्यावी. मी दिलेली प्रत दोन वर्षे कोणी उघडली नव्हती. नंतर एकदा गेले तेव्हा ग्रंथपाल म्हणाले की बंदरावर होडी असलेले एक गृहस्थ ती घरी घेऊन गेले आहेत आणि मुदत संपून महिना झाला तरी परत करत नाहीत.